भिरंडीचा लाल

रंगमापक तळहाताएवढा, काळा, पोटाशी काच.
पणजीच्या एका फोटोवाल्याकडून
दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला.
वायरीला मागून वजन बांधलं
आणि लॅपटॉपच्या पडद्याला टेकवला,
खडकाला कालव चिकटावं तसा.
खिडकी लावली, ट्यूबलाईट घालवली.
पंखा तेवढा चालू. वाऱ्याला रंग नसतो.

मग एकेक चौकोन उजळत गेला:
लाल, त्याहून कमी लाल,
लाल म्हणायची लाज वाटेल इतपत लाल.
हिरवे. निळे.
राखाडीच्या तर पिढ्यानपिढ्या.
वीस मिनिटं यंत्र पडद्याला बघत होतं
आणि मी यंत्राला.
इतकं निरखून मी कुणाकडेच पाहिलेलं नाही.

हे सगळं प्रेमावती शिरोडकरबाईंच्या बाटलीपायी.
कोकम सरबत, चारशे लेबलं.
छापून दिली तेव्हा बाईंनी
बाटली टेबलावर ठेवली, शेजारी लेबल,
आणि म्हणाल्या, "हें म्हजें भिरंड न्हय. हें कुंकूम."
भांडल्या नाहीत.
त्यामुळे दुसरी चारशे माझ्या खर्चाने.

मापून झालं. पडदा पिवळा दिसायला लागला,
काविळीतून उठल्यासारखा.
फोटोवाला फोनवर हसला:
तो पिवळा नाही रे, तुझे डोळे निळ्याला सोकावलेत,
दोन दिवस दे त्यांना.
तिसऱ्या दिवशी पांढरा पांढरा झाला.
पडदा तोच होता.

फाईल अगदी एवढीशी. तिला नाव दिलं डिचोली-मार्च
आणि मडगावला एव्हारिस्तला पाठवली.
त्याचाही लॅपटॉप हाच, याच मॉडेलचा,
एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले,
दोघांचीही घासाघीस त्यानेच केलेली.
"बसव आणि सांग."

चार दिवस काही नाही.
मग फोन. "बसवली."
"मग? लाल कसा वाटतो?"
पलीकडे छपाईयंत्राची खडखड.
मग ती थांबवल्याचा आवाज.
"लाल आणि हिरवा मला लहानपणापासून एकच.
आकड्यांवर चालवतो मी. बावीस वर्षं झाली.
लुर्दला ठाऊक आहे. आता तुला.
फाईल म्हणून तर मागितली,
निदान आकडे तरी खरे असावेत."

माझ्या लग्नाची पत्रिका त्याने छापली होती.
डाळिंबी, पोपटी किनारीची.
तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

रंगमापक पुन्हा मागून आणला,
बिस्किटांच्या डब्यात रुमालात गुंडाळला,
आणि कदंबाच्या बसने, फोंड्याला बदलून, मडगाव.
त्याचा पडदा मापला.
वरून जुळे भाऊ, आत काच भलत्याच कारखान्याची.
माझी फाईल त्याच्या पडद्यावर
म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा.
नवी केली. नाव त्यानेच टाईप केलं: एव्हा-एक.
"आता बरोबर?" त्याने विचारलं.
"बरोबर," मी म्हटलं.
त्याने मान हलवली आणि जुनी पुसून टाकली,
माझ्या एका शब्दावर.

निघताना पिशवीतून बाटली काढली.
चार वाजले होते, ऊन खिडकीत उतरलेलं;
बाटलीतून ते टेबलावर सांडलं,
बिलांवर, त्याच्या मनगटावर.
तो बघत राहिला, बाटली जराशी कलती करून,
कुठे दाट, कुठे विरळ.
यंत्र बघतं तसं. तितकाच वेळ.
मग म्हणाला,
"किरमिजी शंभर, पिवळा साठ, काळा पस्तीस."

मी आकडे भरले. पडद्याशेजारी बाटली धरली.
माझ्या डोळ्यांना काळा चाळीस हवा होता.
पस्तीसच ठेवला.

शिरोडकरबाईंना अजून दाखवलेलं नाही.